काना कोणाचा?

मराठीत शब्दकोडे म्हटले की समानार्थी शब्द विचारणारे चौकोन डोळ्यांपुढे येतात. 'कमळ' विचारावे, 'पंकज' लिहावे. इंग्रजी गूढ शब्दकोड्याची जात निराळी. त्यातील सूचक वाक्य दोनदा वाचावे लागते: एकदा अर्थासाठी, आणि एकदा त्यातील प्रत्येक शब्द काय काम करतो आहे हे पाहण्यासाठी. 'लंडनचे फ्लॉवर' असे सूचक असले तर फुलांची नावे आठवून उपयोग नाही. 'फ्लो' म्हणजे वाहणे. जी वाहते ती 'फ्लोअर'. इंग्रजी लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरे तीच. उत्तर थेम्स नदी.

मुरगूडला आम्ही साहित्याचे चार विद्यार्थी हे शिकलो ते उलट वाटेने. कालचे कोडे आणि आजचे उत्तर शेजारी ठेवायचे आणि त्या वाक्यातून हेच उत्तर का, ते शोधायचे. हळूहळू नियम उमगला. सूचकाच्या आरंभी किंवा अखेरीस उत्तराची सरळ व्याख्या असते. उरलेल्या शब्दांत त्याची घडण असते. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी मिळाल्या पाहिजेत. 'झिमेनीस' या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली पुस्तक लिहून या प्रामाणिकपणाचा आग्रह धरला.

कूट आम्हांला नवे नव्हते. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. आमच्या कोल्हापूर भागातील भेदिक शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गूढ सवाल घालतात. पण भेदिकाच्या जबाबाला पुराणाचा आधार लागतो, तो ठाऊक असणारा जाणकार लागतो. गूढ सूचकाचे उत्तर स्वतःची साक्ष स्वतःच देते. आम्हांला त्याचे मोल विशेष वाटले, कारण तोवर कवितेचा 'योग्य' अर्थ आमच्यापर्यंत मार्गदर्शकांतून तयार होऊन येत असे. इंग्रजी कवितेचा तर हमखास. इथे प्रथमच एखादे इंग्रजी वाक्य आम्ही उलगडत होतो आणि उत्तर बरोबर आहे हे कोणालाही न विचारता सांगू शकत होतो.

अर्थात कविता म्हणजे सूचक नव्हे. सूचक सुटले की संपते. कविता तशी संपत नाही. तरी शब्दाशब्दापाशी थांबण्याची सवय दोहोंना सारखीच लागते.

मग मराठीत रचून पाहणे ओघानेच आले. 'सकल शहरात दडलेला पूजेचा घट (३)': कलश. 'रवा उलटला आणि बसला घाव (२)': वार. येथवर वाद नव्हता. पुढचे सूचक मात्र अडले: 'नवरा बिथरला की झाडावर उड्या मारणारा (३)'. उत्तर वानर. येथे 'रा'चा काना उचलून 'व'ला दिला आहे. हे चालावे का? दोघांचे म्हणणे, चौकोनात पूर्ण अक्षर बसते, म्हणून अक्षर फोडता येणार नाही. उरलेल्या दोघांचे म्हणणे, काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, ते हलवता येते. इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या लिपीत अक्षर नेमके कशाला म्हणायचे, याचा इतका बारीक विचार व्याकरणाच्या तासालाही आमच्याकडून झाला नव्हता. वाद अद्याप मिटलेला नाही. वाचकांनी आपले मत जरूर सांगावे. शक्य तर एखाद्या सूचकासह.