ग्वादाल्किवीरच्या तीरावरील ताटे
(प्रवासाची दैनंदिनी : सेव्हिल मुक्काम)

गुरुवार

कोर्दोबाचा मुक्काम हलवून आज दुपारच्या आगगाडीने सेव्हिलला आलो. मार्च अर्धा सरला आहे. रस्त्यांच्या दुतर्फा लावलेल्या कडू संत्र्यांच्या झाडांना मोहोर आला असून त्याचा सुगंध गल्लीबोळांतून इतका दाटला आहे, की उतारूंच्या गर्दीतही तो सोबत सोडीत नाही. ही संत्री तशीच सोलून खाण्याजोगी नव्हेत. इंग्लंडात न्याहारीला लागणाऱ्या मार्मालेडसाठी मात्र याच जातीच्या फळांना फार दिवसांपासून मागणी आहे.

खाद्यपेयांच्या दोन पदभ्रमंत्यांची तजवीज आगाऊच करून ठेवली आहे : उद्या सकाळी ग्वादाल्किवीर नदीपलीकडच्या त्रियानात, परवा सायंकाळी जुन्या नगरात. मार्गदर्शक कशाला, असे सौभाग्यवतींनी विचारले. परंतु जेथील उत्तम मद्यशालांतून बसावयास खुर्ची नसते, पदार्थांची छापील यादी बहुधा मिळत नाही आणि कोणत्या दुकानी काय मागावे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले असते, तेथे परक्याला हाती धरून नेणारे कोणी तरी लागतेच, असे माझे मत आहे.

शुक्रवार

सकाळी दहाच्या सुमारास राणी दुसरी इसाबेल हिच्या नावाच्या लोखंडी पुलापाशी मंडळी जमली. हा पूल १८५२ साली पुरा झाला. तत्पूर्वी, म्हणजे अल्मोहाद घराण्याच्या मुसलमान खलिफांच्या कारकीर्दीत ११७१ साली बांधल्यापासून जवळजवळ सात शतके, साखळदंडांनी एकमेकींना जखडलेल्या नावांचा पूल हीच नगरातून त्रियानात जाण्याची वाट होती. त्रियाना ही कुंभारांची, खलाशांची आणि जिप्सी गायकांची वस्ती. आमची मार्गदर्शिका याच वस्तीत वाढलेली, पंचविशीतील मुलगी. तिने आम्हांस प्रथम मासळीच्या किंवा फळांच्या गाळ्यांकडे न नेता बाजाराच्या पोटात जतन करून ठेवलेल्या जुन्या भिंतींकडे नेले. "आधी हे पाहा, मग खा," एवढेच ती म्हणाली.

त्या भिंती सान होर्हे नामक किल्ल्याच्या. पाखंडाची तहकीकात करणाऱ्या धर्मन्यायालयाने, ज्यास इन्क्विझिशन म्हणतात, १४८१ साली या किल्ल्यात आपले ठाणे मांडले, आणि बाटून ख्रिस्ती झालेल्या ज्यूंपैकी कोण मनाने अद्याप ज्यूच राहिला आहे याचा शोध तेथून सुरू झाला. हा शोध मनाचा म्हटला तरी मन काही दिसत नाही. दिसते ते स्वयंपाकघर. म्हणून फिर्यादी दाखल होत त्या चुलीवरून. अमक्याच्या घरी डुकराचे मांस शिजत नाही. तमकी शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी हरभऱ्यांचे व मांसाचे भांडे निखाऱ्यांवर ठेवते आणि मध्ये हात न लावता ते शनिवारी उघडते. आणखी कोणी चरबी वर्ज्य करून ऑलिव्हच्या तेलात कांदा परतते : अशा जबान्या मोलकरणींनी, शेजाऱ्यांनी, प्रसंगी रक्ताच्या नातलगांनीही दिल्या, आणि त्या दफ्तरात तपशीलवार उतरल्या. सेव्हिलजवळच्या लोस पालासिओस गावचा धर्मोपदेशक आंद्रेस बेर्नाल्देस याने आपल्या बखरीत या लोकांच्या तेलातील कांदालसणीवर आणि त्यामुळे त्यांच्या घरांना येणाऱ्या वासावर मनसोक्त तोंडसुख घेतले आहे.

हे ऐकून आम्ही पायऱ्या चढून वर बाजारात आलो, तो चहूंकडे ऑलिव्हच्या तेलाचाच वास! कोपऱ्यावरच्या गाळ्यात मासळी तेलात तळली जात होती, पलीकडे तेलाच्या बाटल्या हारीने मांडल्या होत्या आणि पावाच्या कापेवर लसूण घासून तिच्यावर तेलाची धार सोडण्याचे काम एक वृद्ध गृहस्थ भक्तिभावाने करीत होते. ज्या वासावरून एके काळी माणसे धरून नेली, तोच वास आज या नगराची आपली ओळख म्हणून मिरवला जातो, आणि तोही त्याच किल्ल्याच्या माथ्यावर, हे पाहून माझ्या मनाची जी स्थिती झाली ती शब्दांत मांडणे कठीण आहे. ज्यूंना १४९२ साली राजाज्ञेने हद्दपार केले. बाटलेल्या मुसलमानांची पाळी १६०९ नंतर आली. माणसे गेली, परंतु त्यांच्या चुलीवरचे अन्न ज्यांनी त्यांना घालवले त्यांच्या वंशजांच्या ताटांत राहिले, आणि या नगरातील खाद्यभ्रमंतीचा खरा विषय हाच आहे, अशी माझी खात्री झाली. एवढेच नव्हे, तर आरोप सिद्ध करण्याकरिता ज्या जबान्या लिहून घेतल्या, त्यांचाच आधार घेऊन अभ्यासकांनी अलीकडच्या काळात त्या घरांतील पाककृती पुन्हा जुळवल्या आहेत. छळाच्या दफ्तराने छळलेल्यांचा स्वयंपाक जपून ठेवावा, हा दैवयोग मला विलक्षण वाटतो.

येथे आमच्या मुलखाचे स्मरण होणे अपरिहार्य होते. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे आईबाप स्पेनमधून याच १४९२ च्या फर्मानाने पोर्तुगालात परागंदा झालेले ज्यू; तो स्वतः सालामांका व आल्काला येथे शिकला, १५३४ साली गोव्यास आला, मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते, आणि १५६३ साली त्याने गोव्यात छापवलेला वनौषधींवरचा ग्रंथ जायफळ, लवंग, आंबा, फणस यांची नीट ओळख युरोपास करून देणारा ठरला. धर्मन्यायालय १५६० साली गोव्यातही येऊन पोहोचले होते. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याच्या स्वतःच्या अस्थी उकरून काढून अग्नीत टाकल्या गेल्या. त्रियानाच्या या भिंतींपासून मांडवीच्या तीरापर्यंत एकच दोर ताणलेला आहे.

बाजारातला उपाहार यथासांग झाला. 'गोर्दाल' नावाची थोराड, मांसल ऑलिव्हे. मीठ लावून वाळवलेल्या ट्यूना माशाचे, म्हणजे 'मोहामा'चे, काचेसारखे पातळ काप व त्यांच्याबरोबर बदाम. जिरे, ओरेगानो व शिरका यांत मुरवून तळलेले मुशीचे तुकडे. हे तुकडे मी पुन्हा मागवले, आणि तळणीचा हात हलका असेल तर शिरक्याची आंबट धार व जिऱ्याचा उग्रपणा किती सुरेख जुळतो याचा प्रत्यय घेतला. सौभाग्यवती निरामिष, त्यांच्यासाठी कादिसच्या डोंगरांतले शेळीच्या दुधाचे पायोयो चीज व तेलमीठ लावलेले टोमॅटो आले. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, आणि त्या खंडाच्या व्यापाराचा मक्ता १५०३ पासून १७१७ पर्यंत या नदीकाठच्या एकाच कचेरीच्या हाती होता. समुद्र येथून सुमारे ८० किलोमीटर दूर असूनही हे नगर बंदर झाले, ते या नदीच्या जोरावर.

शनिवार

सकाळी सान लेआंद्रोच्या मठातून 'येमास' आणले. भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटात पैसे ठेवावयाचे, कपाट फिरते, आणि न दिसणाऱ्या भगिनीच्या हातची पेटी आपल्यापुढे येते. अंड्याच्या बलकाची व साखरेची ही मिठाई. दारू निवळण्यास गुत्तेदार अंड्यांतील पांढरा भाग वापरीत आणि उरलेले बलक मठांना देत, अशी तिची परंपरागत कथा सांगतात. मला ती अतिगोड वाटली.

सायंकाळची भ्रमंती मात्र चित्तात राहील. सांता कातालीना चर्चसमोर 'एल रिंकोन्सीयो' ही मद्यशाला आहे. तिची स्थापना १६७० ची, म्हणजे शिवछत्रपतींनी सिंहगड परत घेतला त्या वर्षीची. आत शिरताच छतापासून टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, जुन्या फरशा आणि काळपट लाकडाचा लांब कठडा दृष्टीस पडतो. कठड्यापलीकडचा सेवक तुम्ही काय काय घेतले ते तुमच्यासमोरच त्या लाकडावर खडूने मांडीत जातो, शेवटी बेरीज करतो, पैसे मिळाले की फडक्याने पुसून टाकतो.

येथे पालक व हरभरे यांचा पदार्थ मागवण्याचा रिवाज आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरोघरी तो होतो, एरवीही मिळतो. तळलेला पाव, लसूण, जिरे आणि तांबड्या मिरचीची पूड खलात कुटून, शिरक्याचा थेंब घालून ते वाटण पालकात शिजवतात. सौभाग्यवतींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आपली पालकाची पातळ भाजीच, फक्त डाळीच्या जागी अख्खे हरभरे आहेत." पालक इराणातून अरबांच्या हाताने इकडे आला, आणि बाराव्या शतकात याच सेव्हिलमध्ये इब्न अल-अव्वाम याने शेतीबागाईतीवर जो विस्तीर्ण ग्रंथ रचला, तो या भूमीत पाण्याची व पिकांची विद्या किती पुढे गेली होती याचा साक्षीदार आहे. कास्तियाचा ख्रिस्ती राजा फेर्नांदो तिसरा याने १२४८ साली नगर मुसलमानांकडून जिंकले. पालकाला जिंकण्याचे कारण पडले नाही. मिरची तेवढी नंतरची, अमेरिकेची. आमच्या कोकणात पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली तिचीच ही सख्खी बहीण.

हॅमविषयी मार्गदर्शिकेने जे सांगितले ते नोंदवून ठेवण्याजोगे आहे. ओकच्या विरळ रानांत शरदापासून हिवाळाअखेरपर्यंत काळी इबेरियन डुकरे गळलेल्या ओकफळांवर चरतात; नंतर त्यांच्या तंगड्या मिठात घालून दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक, थंड कोठारांत टांगून ठेवतात. २०१४ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक तंगडीवर रंगीत पट्टी असते : शुद्ध वाणाच्या, ओकफळांवर वाढलेल्या जनावराची काळी, संकरित परंतु ओकफळांवरच वाढलेल्याची तांबडी, कुरणात चरून धान्यावरही पोसलेल्याची हिरवी, गोठ्यात वाढलेल्याची पांढरी. काळ्या पट्टीचा काप मी जिभेवर ठेवला. त्याची चरबी नुसत्या उष्णतेने विरघळते, आणि मागे बदामासारखी चव रेंगाळते. ज्या मद्यशालेत धर्मनिष्ठेचा पुरावा म्हणून कधीकाळी डुकराचे मांस सर्वांसमक्ष खावे लागत असेल, तेथे आज ते न खाणाऱ्या माझ्या पत्नीस सेवकाने अगत्याने पालकाची दुसरी थाळी आणून दिली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

अशा चार-पाच ठिकाणी उभ्या उभ्या थोडे खाऊन, थोडे पिऊन पुढे जावयाचे, ही या भ्रमंतीची रीत. कोठेही कोणी झिंगलेला दिसला नाही. पेयाबरोबर घासभर अन्न असतेच, आणि अन्नाबरोबर बोलणे. हा शिष्टाचार मला आमच्याकडच्या अंधाऱ्या गुत्त्यांहून शतपटीने सुसंस्कृत वाटतो.

रविवार

विश्रांती. सायंकाळी बोळांतून पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीची तालीम पाहिली : मूर्तीवाचून नुसत्या वजनाखाली मानेवर भार तोलीत तरुण पावले मिळवीत होते. एका मिठाईवाल्याकडे मधात घोळलेले, तीळ व बडीशेप घातलेले 'पेस्तिन्योस' खाल्ले.

सोमवार

आगगाडीने शेरी मद्याच्या जेरेझला. तासाभरात द्राक्षांच्या मळ्यांतली ती पांढरी, खडूसारखी माती दिसू लागते. हिवाळ्यातला पाऊस ती शोषून घेते व उन्हाळ्यात वरून कवच धरून ओल राखते, म्हणून पालोमिनो जातीची द्राक्षे कोरड्या ऋतूतही तग धरतात. मद्यकोठाराची वास्तू पुष्कळ उंच, खिडक्या माथ्याजवळ, खाली ओल राहावी म्हणून पाणी शिंपडलेली मातीची जमीन. सुमारे ६०० लिटरांची, अमेरिकन ओकची काळी पिंपे एकावर एक रचलेली. सर्वांत खालच्या ओळीतून विक्रीसाठी थोडे मद्य काढावयाचे, ती उणीव वरच्या ओळीतून, तिची त्याहून वरच्या ओळीतून भरून काढावयाची, असा क्रम अव्याहत चालतो, आणि त्यामुळे बाटलीवर एका विशिष्ट वर्षाचा उल्लेख बहुधा नसतोच.

फिनो जातीच्या शेरीसाठी पिंप काठोकाठ भरीत नाहीत. वर सोडलेल्या मोकळ्या जागेत किण्वाचा पांढरा पापुद्रा धरतो. तो हवा आत येऊ देत नाही, मद्याचा रंग फिकट ठेवतो व त्यास ताज्या पावाचा, बदामाचा वास देतो. मद्यार्क सुमारे १५ टक्क्यांवर ठेवतात, कारण १७ च्या घरात गेला की पापुद्रा मरतो. ओलोरोसो या दुसऱ्या जातीसाठी मुद्दाम तसेच करून मद्य हवेशी मोकळे सोडतात, आणि ते तांबूस, दाट होते. कोठाराच्या माणसाने लवचिक दांडीच्या टोकाला बसवलेली अरुंद रुपेरी नळी पिंपात सरळ खाली सोडली, जेणेकरून पापुद्रा फाटू नये, आणि हात डोक्यावर उंच नेऊन खालच्या पेल्यात धार धरली. एक थेंब बाहेर पडला नाही. मला ओलोरोसो अधिक आवडली, हे त्यास सांगताच तो गंभीरपणे म्हणाला, "फिनो थंडगार, खारट ऑलिव्हांबरोबर, जेवणापूर्वी घ्या, मग बोला." तसे घेतले. त्याचे म्हणणे मला कबूल आहे.

उद्या सकाळच्या गाडीने कादिस, तेथील मासळीबाजार पाहण्यासाठी.

(क्रमशः)