निकालाची रात्र आणि पौलाची हाक



इंटरचे निकाल जवळ आले की बोथमधल्या आमच्या रविवारच्या प्रार्थनेत एक विनंती हमखास येते : सगळी मुले पास होऊ देत. गेल्या काही वर्षांपासून आम्ही स्वयंसेवक तिला आणखी एक जोडतो : जी पास होणार नाहीत, तीही आपल्यातच राहू देत. पहिल्यांदा ही विनंती ऐकली तेव्हा काही आईबापांना ती अपशकुनी वाटली. पण ज्या भीतीचे नाव आपण देवापुढे घेत नाही, ती भीती मूल घरात तरी कशी बोलून दाखवणार?

या विषयावर विचार करताना आम्हांला 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय आठवतो. फिलिप्पै शहर, मध्यरात्र, भूकंप. बंदिशाळेची दारे उघडी पडलेली. नायक झोपेतून उठतो, दारे पाहतो आणि समजतो की कैदी पळाले. त्या काळी कैदी निसटला तर पहारेकऱ्याला जिवाने भरपाई द्यावी लागे. म्हणून तो तलवार उपसतो. तेवढ्यात आतून पौल मोठ्याने ओरडून त्याला अडवतो आणि सांगतो की कोणीही गेलेले नाही. मग नायक दिवे मागवतो.

हा क्रम नीट पाहा. त्याने निर्णय घेतला तेव्हा अंधार होता आणि जे त्याने खरे मानले ते खरे नव्हते. दिवे नंतर आले. पण दिवे येईपर्यंत तो जगला, कारण अंधारातून कोणीतरी हाक दिली.

आपल्या तेलंगणाने असा अंधार पाहिला आहे. इंटर बोर्डाचा निकाल १८ एप्रिल २०१९ रोजी लागला. ९ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली होती, त्यांपैकी ३ लाखांहून अधिक नापास ठरली. पुढच्या काही दिवसांत राज्यात २० हून अधिक मुलांनी आपले जीवन संपवल्याच्या बातम्या आल्या. मग निकालातल्या चुका बाहेर येऊ लागल्या. एका मुलीला तेलुगूत शून्य गुण दाखवले होते, पेपर पुन्हा पाहिल्यावर ते ९९ निघाले. सरकारने नापास मुलांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क पुन्हा तपासायला लावल्या, आणि मे महिन्याच्या शेवटी १,१३७ मुले पास असल्याचे जाहीर झाले. दिवे आले, पण महिनाभराने.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये की चुकून नापास झालेलीच मुले तेवढी वाचायला हवी होती. ज्यांचे गुण खरोखरच कमी होते, तीही आपलीच लेकरे. पौलाने हाक देण्याआधी नायकाची चौकशी केली नाही. याच माणसाने काही तासांपूर्वी त्याचे पाय खोड्यात अडकवले होते, तरीही हाक आली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला पस्तीसहून अधिक घरे. सगळा दोष परीक्षेवर टाकणे सोपे आहे, पण सर्व वयांच्या नोंदी पाहिल्या तर सर्वांत मोठे कारण 'कौटुंबिक समस्या' हे दिसते. सहसा एकाच घावाने मूल कोसळत नाही. घरातले रोजचे भांडण, बापाची दारू, कापसाला भाव न मिळाल्याने वाढलेले कर्ज, आईचे आजारपण, मारहाण, कोणीतरी केलेला आणि कोणाला सांगता न आलेला अत्याचार, शिक्षण थांबवून ठरवलेले लग्न, तुटलेली मैत्री, हे एकावर एक साचत जाते. आपल्या सीमेवरच्या मुलांना त्यात भाषेचेही ओझे असते. घरी मराठी, गोंडी किंवा लंबाडी, दहावीपर्यंत कधी मराठी शाळा, आणि पुढे हातात तेलुगू किंवा इंग्रजी पुस्तक. पहिल्या बाकावरचे मूल वर्षभरात शेवटच्या बाकावर जाते. आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. निकाल हा मग शेवटचा दगड ठरतो, पण ढीग आधीपासूनच असतो.

मग आपण काय करायचे? आम्ही डॉक्टर नाही. आम्ही दारापर्यंत जाणारी माणसे आहोत, आणि तेवढे तरी करायचेच असे आम्ही ठरवले आहे. गायकवृंदातले एखादे मूल दोन रविवार दिसले नाही तर कोणीतरी घरी जाते. गुण विचारत नाही. चहा होतो, शेतीचे बोलणे होते, मग त्या मुलाबरोबर अंगणात बसणे होते. मूल म्हणत असेल की मी सगळ्यांना भार झालो आहे, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, रात्र-रात्र जागत असेल, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हात लपवत असेल, तर आम्ही सरळ विचारतो : जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही, हे या क्षेत्रात काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. उलट, विचारल्यावर बरीच मुले पहिल्यांदा रडतात, आणि मग बोलतात.

ते बोलले की उपदेश सुरू करायचा नाही आणि 'आमच्या वेळी' हे शब्द काढायचे नाहीत. त्या रात्री मुलाला एकटे ठेवायचे नाही. कापसाच्या गावात फवारणीचे औषध प्रत्येक घरात असते. ते कुलपात ठेवावे, किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. संकटाची घडी बहुधा थोड्या वेळाची असते, ती टळली की माणूस पुष्कळदा वाचतो. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि तेलुगूत व मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. उपचारासाठी आदिलाबादला रिम्स हे सरकारी रुग्णालय आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी घाव लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे मूल तीव्र तणावाखाली होते असेच धरले आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे. आणि इंटरची पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच होते, वर्ष वाया जात नाही, हे निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवावे.

एक गोष्ट ख्रिस्ती कुटुंबांसाठी. 'हे पाप आहे' एवढेच सांगून काही घरे मुलाचे तोंड बंद करतात. जीव देवाचा आहे, हे आपण मानतोच. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात हेही म्हटले आहे की मानसिक व्याधी, तीव्र भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा रीतीने गेलेल्यांच्या तारणाची आशा आपण सोडू नये. ज्या घराने मूल गमावले आहे, त्या घराच्या दारातही आपण जावे. कुजबुज करायला नव्हे, स्वयंपाक घेऊन.

फिलिप्पैच्या त्या रात्रीचा शेवट आम्हांला फार आवडतो. नायक पौल आणि सिला यांच्या जखमा धुतो, त्यांना आपल्या घरी नेतो आणि पुढ्यात अन्न ठेवतो. मरायला निघालेला माणूस पहाट होण्याआधी पंगत मांडतो. त्याची बंदिशाळा तीच होती आणि वरचे अधिकारीही तेच होते.

या आठवड्यात आपल्या ओळखीच्या एका मुलाचे नाव मनात आणा. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन या.

हे प्रभू येशू, तू गेथशेमाने बागेत मरणप्राय दुःख सोसलेस आणि मित्रांना जागे राहायला सांगितलेस. आमच्या गावातल्या लेकरांसाठी आम्हांला जागे ठेव. अंधारात त्यांना हाक देण्याइतके जवळ राहू दे. आमेन.