एका अक्षराचा जमाखर्च

‘मु. पो. वडूज, ता. खटाव, जि. सातारा’ एवढें पाकिटावर लिहिलें कीं पत्र आमच्या घरीं पोंचतें. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा ह्या चार शब्दांचें एकेक अक्षर उरलें, तरी अर्थ तसूभरहि घटत नाहीं; कारण तीं अक्षरें कोणा एकाचीं नसून साऱ्यांचीं आहेत.

ह्याच न्यायावर उभी असलेली गणकयंत्राची एक भाषा आहे. केनेथ आयव्हर्सन यांनीं हार्वर्ड येथें शिकवितांना कांहीं खुणा योजिल्या आणि १९६२ सालीं त्या ग्रंथरूपानें मांडल्या. तीच पुढें एपीएल. तींत आंकड्यांचा अख्खा रकाना एकच वस्तु मानतात. आज प्रचारांत असलेल्या तिच्या रूपांत रकान्याची सरासरी काढण्यास +/÷≢ एवढ्या चार खुणा पुरतात: बेरीज, तिला संख्येनें भागिलें. नवख्यास हें जारणमारण वाटतें. परंतु हाच मजकूर ऐसपैस लिहिला म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत पहिलीचा हेतु विसरावयास होतो. आमचा पुतण्या ह्याच भाषेंत काम करतो आणि तिच्या आटोपशीरपणावर लुब्ध आहे.

मग दुर्बोधता येते कोठून? तिचें मूळ आम्हांस घरींच दिसलें. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आजोबांनीं मोडींत टिपून ठेविल्या आहेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्दाशब्दांत अंतर नाहीं. तरी जाणकारानें सारा कागद घडाघडा वाचला. अडला तो एका ‘बा’पाशीं. बा म्हणजे बापू कीं बाळा? दोघेहि आजोबांचेच पुत्र, आणि आज दोन्ही घरें त्या पाळीवर हक्क सांगतात. मोडी सर्वांची होती. ‘बा’ मात्र एकट्या आजोबांचा होता.

म्हणून पुतण्यास आमचें सांगणें असें कीं, भाषेच्या खुणा हव्या तितक्या आंखूड असोत. स्वतः ठेविलेलें नांव मात्र पुरतें लिहावें, एका ओळींत एकच विचार ठेवावा आणि तो कां केला हें शेजारीं टिपावें. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं ‘सिद्धांतशिरोमणि’ पद्यांत रचला, आणि त्यावर गद्य ‘वासनाभाष्य’हि स्वतःच लिहिलें.

पुतण्या म्हणतो, यंत्राला भाष्य लागत नाहीं. खरें आहे. पाळीचा कागदहि विहिरीला वाचावयाचा नव्हता. तो वाचणार होते नातू.