आधी ओठ उघडू द्या

मंडळीच्या वार्षिक सभेत दोन तक्रारी ठरलेल्या असतात. आठवड्याच्या प्रार्थनासभेला माणसं येत नाहीत, आणि येतात त्यांच्यापैकी कोणी बाहेर साक्ष देत नाही. मग पाळकसाहेब त्यावर उपदेश करतात, वडीलधारी माणसं माना डोलावतात, सुवार्तेसाठी एक समिती नेमली जाते आणि पुढच्या वर्षी त्याच दोन तक्रारी पुन्हा इतिवृत्तात उतरतात. शिरूर-दौंडकडच्या मंडळ्यांना यात वेगळं काढायचं कारण नाही. सगळीकडे हेच चालतं. मला वाटतं, ही तक्रार मुळात एकच आहे. शेजाऱ्यापाशी देवाचं नाव काढताना ज्याची जीभ अडखळते, त्याची जीभ देवापाशीही कधी सुटलेली नसते. प्रार्थना पाळकांनी करायची, आपण डोळे मिटून उभं राहायचं आणि शेवटी ‘आमेन’ म्हणायचं, अशी ज्याला जन्माची सवय लागली, त्याला एकदम वेशीबाहेर उभं करून ‘बोल’ म्हटलं तर तो काय बोलणार? पाठ केलेलं बोलेल, आणि ते पाठ केलेलं आहे हे ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत कळेल.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. दौंड तालुक्यातच, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव आहे आणि तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई स्वतः वाणीच्या धनी. आईवडिलांबरोबर पुराणं सांगत देशभर फिरलेल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं ते त्यांचं संस्कृत ऐकून. पण केडगावात त्यांच्या भोवती जमल्या त्या १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळांतून वाचलेल्या बायका नि पोरी, ज्यांना ‘तुला काय सांगायचंय?’ असं बहुधा कुणी कधी विचारलंच नव्हतं. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं. सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना समोरच्या मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि शिकवणं थांबवावं लागलं. या प्रसंगाची वर्णनं करणारे आसवांवर आणि आवाजावर पानंच्या पानं खर्च करतात. मला त्यातलं ते थांबणं मोलाचं वाटतं. पंडिता गप्प झाली आणि दुष्काळातली पोर बोलू लागली. या मुलींचे गट पुढे आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. म्हणजे आधी सहा महिने देवाशी बोलणं, मग गावाशी. आपण हा क्रम उलटा लावतो आणि मग माणसं लाजतात म्हणून कुरकुरतो.

हा सगळा उन्माद होता, असा आक्षेप तेव्हाही निघाला, आणि तो घेणाऱ्यांत मिशनरीही होते. शेकडो जणी एकाच वेळी ओरडून प्रार्थना करतात, त्यात कसली भक्ती? रमाबाईंचं यावरचं म्हणणं असं, की भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे उभं राहू द्या, पाश्चात्त्य शिस्तीची पट्टी त्याला लावू नका. हे पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. आवाज चढला म्हणजे आत्मा उतरला असं समजणाऱ्या सभा आज थोड्या नाहीत, आणि ध्वनिक्षेपकाने त्यांचं काम फारच सोपं केलं आहे. केडगावचं वेगळेपण दिसतं ते सभेबाहेर. तिथे शेती होती, गोठा होता, माग होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली जात होती. सकाळी रडून प्रार्थना केलेली बाई दिवसभर मागावर बसत होती. ज्या प्रार्थनेमागे दिवसभराचं काम उभं आहे, तिच्या आवाजाची मला भीती वाटत नाही.

उपासनेचंही तेच. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नगरच्या बाजूला भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, तेव्हा चर्चमध्ये टाळ कशाला, असं म्हणणारेही होतेच. पण ओवी नि अभंग ज्यांच्या कानात लहानपणापासून आहेत, त्यांना त्याच चालीत गाताना शब्द शोधावे लागत नाहीत. की-बोर्डवर माझा राग नाही, पडद्यावरच्या हिंदी गीतांवरही नाही. तरुण पोरांना ती आवडतात आणि पोरं येतात हेही थोडकं नाही. तक्रार एवढीच, की गाणारे चार आणि बघणारे दीडशे अशी उपासना झाली, की मघाचंच दुखणं पुन्हा आलं.

आता एक फार सोज्वळ आक्षेप. साक्ष द्यायला तोंड कशाला हवं, वागणूक बोलते ना! हे ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. यावर शिरूरनेच एक उत्तर देऊन ठेवलं आहे. तिथे इंग्रजांची छावणी असताना १८०९मध्ये कर्नल वॉलेस वारले आणि तिथेच पुरले गेले. माणूस भला असावा, कारण लोकांनी त्यांना सत्पुरुष ठरवलं. त्यांच्या कबरीपुढे धूप जळू लागला, नैवेद्य येऊ लागला, याची नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. लोकांच्या श्रद्धेला हसण्याचं कारण नाही. परक्या फौजेतल्या माणसाचा चांगुलपणा ओळखण्याइतकं त्यांचं मन मोठं होतं. पण वॉलेस काय मानत होते, कुणाची प्रार्थना करत होते, हे त्या नैवेद्यातून कुणालाच कळलं नाही. निव्वळ वागणूक बोलते खरी, पण ऐकणारा तिचा अर्थ आपापल्या परीने लावतो, आणि श्रेय जातं त्या माणसाला. हे श्रेय माझं नव्हे, एवढं सांगायला तरी शब्द लागतातच.

यापुढचा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येणार नाही. साक्ष म्हणा, सुवार्ता म्हणा, शेवटी हे धर्मांतरच, आणि तेही आश्रयाला आलेल्यांचं. रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या पुण्यातल्या शारदा सदनावर १८९३मध्ये हेच वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची बाजू सरळ होती: मी माझा धर्म लपवणार नाही, कुणावर लादणारही नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. तरी उघड्या दाराचा अर्थ पोटभर जेवलेल्या माणसाला एक वाटतो आणि ज्याच्या ताटातली भाकरी त्या घरची आहे त्या पोरीला दुसरा, हेही नाकारता येत नाही. केडगावच्या १९०५लाही हा प्रश्न चिकटलेला आहे, आणि त्या वर्षाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो झटकू नये. त्यातून निघतं ते एवढंच, की साक्ष बरोबरीच्या माणसापुढे द्यावी. ज्याला ‘नको’ म्हणता येतं, उठून जाता येतं, त्याच्यापुढे. मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला धान्य द्यावं आणि गप्प राहावं. कायदाही फार वेगळं सांगत नाही. घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला. १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आपल्या धर्माची शिकवण सांगता येईल, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर पुष्कळ ख्रिस्ती लेखक नाराज आहेत. मला श्रद्धेच्या बाजूने त्यात अडचण दिसत नाही. मन पालटणं साक्षीदाराच्या हातात नाही, असंच तर आपण दर रविवारी ऐकतो.

मग मंडळीला उत्तेजन द्यायचं ते कसं? समितीने नाही. दौंड जंक्शनचं गाव. रेल्वेच्या घरात रविवार सकाळ ड्युटीच्या हिशेबाने उजाडते. रांजणगावच्या एमआयडीसीत तीन पाळ्या, आणि खोल्यांमधून मराठवाड्यातून आलेली कुटुंबं. या लोकांना चर्चच्या वेळेत बसवण्यापेक्षा प्रार्थना त्यांच्या वेळेत न्यावी. पाच-सहा माणसं, एक खोली, अर्धा तास. पाळकांनी वचन वाचावं आणि मग थांबावं. सुरुवातीला शांतता अवघडल्यासारखी वाटेल. नंतर कोणी तरी मुलीच्या परीक्षेसाठी, कुणी सासूच्या गुडघ्यासाठी, कुणी कंत्राटदाराने अडकवलेल्या पगारासाठी आपल्या शब्दांत दोन वाक्यं बोलेल. भिंतीपलीकडच्या बाईला ती ऐकू जातील. पगार झाला का, हे ती दुसऱ्या दिवशी नळावर विचारील, आणि त्याचं उत्तर देताना पाठ केलेलं काही आठवावं लागणार नाही. पगार झाला नसला तरी उत्तर द्यावंच लागेल, आणि तेव्हाची साक्ष अधिक खरी असेल.

यात चुकीची शिकवण शिरेल, अशी पाळकांची धास्ती असते. शिरेल, कोणी देवाशी नवस बोलल्यासारखा सौदा करील, कोणी शेजाऱ्याचं वाईट मागेल. इथे मुक्ती मिशनचा छापखाना आठवतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले. एकेक जोडाक्षर हुडकून, ओळ उलटी वाचत. चुका होत, पण कच्चा छाप निघाल्यावरच त्या दिसत, मग खिळा काढून दुसरा बसवता येई. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या, त्या आधी अखेरपर्यंत हेच तपासत होत्या. सौदा करणाऱ्या त्या माणसाची प्रार्थना पाळकांच्या कानावर एकदा पडू दे. मग पुढच्या आठवड्यात त्याच्या खोलीवर जाऊन, ईयोबाचं पुस्तक उघडून, त्याच्याबरोबर तासभर बसता येईल.