रान वाट खातं

मढे घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात हल्ली गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीपासून तासाभराच्या चालीवर, केळदच्या अंगाला, धनगरवाड्यात मामा राहायचे. घरची सात-आठ गुरं आणि गावाची राखोळीची पंधरा-वीस. मामांना जाऊन तीन पावसाळे झाले. "गुरुजी, म्हाताऱ्याबद्दल चार बरे शब्द लिहा," असं वाड्यातली पोरं म्हणतात. बरे शब्द लिहायचे तर आधी माझं चुकलेलं लिहावं लागेल.

मी भोरला शिक्षक होतो आणि सुट्टी मिळाली की डोंगरात. मामा मला आवडायचे. कुणाची गाय अडली की चार वाड्यांतून त्यांनाच बोलावणं यायचं. भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन जायचे, कोपरापर्यंत गोडेतेल चोळून वासरू सोडवायचे आणि कपभर चहा पिऊन परत फिरायचे. पैसे कधी घेतले नाहीत.

माणूस आवडायचा, त्याचं काम मात्र मला खुपायचं. गुरं रोपं खातात, खुरांनी माती सुटते, डोंगर बोडका होतो, हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. आमच्या मंडळानं एका उतारावर रोपं लावली, भोवती काटेरी तार ओढली आणि चराईबंदीसाठी मी ग्रामसभेत तावातावानं बोललो. मामा मागे बसून होते. दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेलो, तर ताकाचा तांब्या नेहमीसारखाच पुढे आला.

त्यांच्या कमरेच्या आकडीत कोयता असायचा. गुरांमागून चालता चालता डावीकडची एक, उजवीकडची दोन अशी कारवीची कांडं ते सपासप उडवत जायचे. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी! आम्ही तिचे फोटो काढायला पुण्याहून मित्र आणायचो. एकदा मी त्यांना चांगलंच झापलं. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, रान वाट खातं. रोज थोडी सोडवावी लागती."

ते मी सोडून दिलं. आणि गंमत अशी की त्याच काळात मी दामोदर कोसंबींचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' वाचून भारावलो होतो. पुण्याभोवतीच्या जुन्या वाटा, त्यांच्या फाट्यांवरची मातृदेवतांची ठाणी आणि या वाटा तुडवणारे प्राचीन पशुपालक यांचा मेळ त्यांनी १९६२ सालीच घातला होता. पुस्तकातल्या गुराख्याला मी मनोमन नमस्कार करत होतो, आणि समोरच्याला कोयता म्यान करायला सांगत होतो.

मामा गेले. पोरं पुण्याला कंपनीत लागली, गुरं विकली गेली. दोन वर्षांनी मी कोकणात उतरायला निघालो. ही वाट मला पाठ आहे, असा माझा समज होता. अर्ध्या तासात कारवी डोक्यावर गेली आणि हातभर पुढचं दिसेना. खालच्या वस्तीवर पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वीस वर्षं जिला मी 'आमची ट्रेकची वाट' म्हणत होतो, ती ढोरवाट होती. रोजचे शंभर खूर आणि एक कोयता यांनी ती उघडी ठेवली होती. तारेच्या आतलं गवत तर कुणी न खाल्ल्यानं कमरेइतकं वाढून वाळलं आणि उन्हाळ्यातल्या वणव्यात रोपांसकट गेलं.

गुरं बेसुमार झाली तर उतार उघडा पडतो, हे मला आजही पटतं. पण किती म्हणजे बेसुमार, हे मामांना ठाऊक होतं आणि मी त्यांना कधी विचारलं नाही.

यंदा दिवाळीनंतर वाड्यातली दोन पोरं आणि एक कोयता घेऊन गेलो. दुपारपर्यंत घामाघूम होऊन चाळीस पावलं वाट सुटली. मामा एवढी वाट गुरांना हाका घालता घालता सोडवायचे.