परार्थी झडप

मोटारीच्या बहुतेक अवयवांचा उपयोग आंत बसणारास होतो. चाकें त्याला नेतात, ब्रेक थांबवितात, दिवे वाट दाखवितात. याला अपवाद फार थोडे. त्यांपैकीं एक म्हणजे गॅरेजवाले जिला नुसतें ‘ईजीआर’ म्हणतात ती झडप. धुराच्या नळीकडे निघालेल्या वायूचा थोडा अंश ती परत इंजिनांत सोडते. आंत बसणारास तिचा काडीचाहि लाभ नाहीं. जो होतो तो रस्त्यानें पायीं जाणारास. उष्टा धूर पुन्हां पोटांत घ्यावयाचा हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींना शिसारी आली. इंजिनाचेंहि मत त्यांच्याहून निराळें नसावें.

तथापि या उष्ट्यामागें रसायन आहे. हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन असतो. एरवीं तो निरुपद्रवी. परंतु ज्वलनाचें उष्णतामान सुमारें १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलें कीं तो ऑक्सिजनशीं झपाट्यानें संयोग पावूं लागतो, आणि त्यापासून होणारीं ऑक्साइडें फुप्फुसांस जाचतात. एकदां जळलेला वायु पुन्हां जळत नाहीं. तो आंत गेला कीं ऑक्सिजनचें प्रमाण उतरतें, थोडी उष्णता तो स्वतः शोषून घेतो, आणि ज्वाळेचा ताव कमी होतो. लॉस एंजल्सवर पसरणारें तपकिरी धुकें हीं ऑक्साइडें व न जळलेल्या पेट्रोलाच्या वाफा यांपासून सूर्यप्रकाशांत तयार होतें, हें १९५० ते १९५२ च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनज्ञानें दाखवून दिलें. हा गृहस्थ त्यापूर्वीं अननसाच्या सुवासाचें पृथक्करण करीत असे! सुवास सोडून धुराकडे वळणारे प्राध्यापक विरळाच. पुढें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकन गाड्यांवर ही झडप बसूं लागली.

आमची डिझेल गाडी पुण्यांत रोज घरापासून कॉलेजपर्यंत तीन किलोमीटर जाते आणि तितकीच परत येते. इंजिन नीट तापतें न तापतें तोंच बंद होतें. डिझेलची काजळी आणि इंजिनांतून येणारी तेलाची वाफ यांची सांगड जमून झडपेच्या तोंडाशीं डांबरासारखा थर बसतो, व ती अर्धवट उघडी अडकून राहते. गेल्या पावसाळ्यांत खंबाटकीचा घाट चढतांना गाडीनें धाप टाकली, मागें काळा धूर सोडला आणि समोर पिवळा दिवा लावला.

मिस्त्री अनुभवी माणूस. त्यानें झडप न काढतांच उपाय सांगितला. “सर, साफ करण्यांत कशाला दमतां? मधें पत्रा टाकून बंदच करून देतों. गाडी पळेल.”

“आणि पी.यू.सी.?”

“उलट जास्त चांगली येईल, सर.”

यांत त्यानें एक अक्षरहि खोटें सांगितलें नव्हतें, आणि हीच खरी अडचण. डिझेल गाडीच्या त्या तपासणींत धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजीत नाहींत. झडप बंद केली कीं काजळी खरोखरच घटते, आणि न दिसणारें विष वाढतें. आमची गाडी भारत स्टेज ४ च्या काळांतील, म्हणजे १ एप्रिल २०२० पूर्वींची; तिच्यांत या विषावर झडपेवांचून दुसरा उतारा नाहीं. म्हणजे गाडी चपळ, प्रमाणपत्र स्वच्छ, आणि साक्षीदार कोणी नाहीं! उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचीं तीस वर्षें गेलीं त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा यांत नवल काय? शिवाय आमच्या इमारतींत तळमजल्यावर एक वृद्ध दमेकरी राहतात, आणि त्यांची खिडकी आमच्या गाडीच्या मागें चार हातांवर उघडते. आम्हीं पत्र्याला नकार दिला.

पुढल्या रविवारीं इमारतीच्या आवारांत कामास बसलों. इंजिन रात्रभर गार झालेलें, बॅटरीची ऋण तार सोडविलेली. आमच्या गाडींत झडप वरच्या अंगास आहे म्हणून हात पोंचला. सर्वच गाड्यांचें तसें भाग्य नसतें. विजेची जोडणी अलगद काढली, बोल्ट सोडविले. झडपेचें भोंक जेमतेम करंगळी जाईल इतकें उरलें होतें. लांकडाच्या चपट्या काडीनें वरचा थर खरवडला. लोखंडी हत्यार येथें वर्ज्य. झडप ज्या कडेवर टेकते तिला ओरखडा पडला कीं ती पुन्हां घट्ट मिटत नाहीं. मग कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवाचा फवारा, थोडें थांबणें, दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें घासणें, पुसणें, पुन्हां फवारा. विजेची मोटर वरच्या बाजूस धरावी. तींत द्रव उतरला तर झडप स्वच्छ होऊन निकामी व्हावयाची. द्रव उग्र आणि ज्वालाग्राही, तेव्हां हातमोजे हवेत, काम उघड्यावर हवें, आणि उदबत्तीसुद्धां जवळ नको. चौथ्या फवाऱ्यानंतर धातूचा मूळ रंग दिसूं लागला. विद्यार्थ्याच्या निबंधांत एखादें त्याचें स्वतःचें वाक्य सांपडावें तसा आनंद झाला.

जुनें पॅकिंग पुन्हां वापरूं नये. नवें बसवून बोल्ट आळीपाळीनें सारखे आवळले. उरलेला द्रव प्रथम जळून धूर निघणार, म्हणून शेजाऱ्यांना खिडकी लावून घेण्यास सांगितलें.

“प्रोफेसर, हें काम गॅरेजवाल्याचें नव्हे काय?” त्यांनीं विचारलें.

“आमचें आहे,” आम्ही म्हणालों, आणि गाडी सुरू केली. ती मुकाट्यानें, न अडखळतां चालूं लागली.

पिवळा दिवा विझविण्यास व झडपेची मिटण्याची नवी जागा यंत्रास समजावून देण्यास स्कॅनर लागला; तेवढ्यासाठीं त्याच मिस्त्रीकडे गेलों. पॅकिंग आम्हीं दोन आणलीं होतीं, त्यांतील दुसरें कपाटांत आहे, कारण तीन किलोमीटरांची ये-जा कांहीं सुटलेली नाहीं. तेवढें अंतर पायीं गेलें तर थरच बसणार नाहीं, असें सौभाग्यवतींचें म्हणणें आहे. त्यावर आमचा विचार चालू आहे.