फेरनच्या आतली कांगडी

काश्मीरच्या खेड्यात २१ डिसेंबरला चिल्लई कलान बसतो. हा चाळीस दिवसांचा थोरला चिल्ला. त्याच्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द येतो आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थंडी अशी वयानं लहान होत जाते. रस्ते बर्फाखाली गेलेले, नळ गोठलेले, पोरं छपरावरचा बर्फ ढकलून खाली पाडताहेत, चुलीवर उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला दुधी नाहीतर वांगी. अशा घरात सगळ्यांत मानाची कोण, तर कांगडी.

दिसायला बेताचीच. मातीचं गोल भांडं, भोवती वाळुंजाच्या काड्यांची विणलेली टोपली, वर धरायला कडी. चरार-ए-शरीफची कांगडी नाजूक विणीची म्हणून मिरवते. बांदीपोऱ्याची राकट, पण टिकाऊ. कांगड्यांतही माहेर बघतात!

खाण्याच्या बाबतीत मात्र ही चोखंदळ. शरदात चिनारची पानं गळली की बायका ती झाडून ढीग करतात, पेटवतात आणि राख व्हायच्या आत पाणी शिंपडून विझवतात. तो हलका कोळसा तळाशी, वर थोडे निखारे, त्यावर राखेचं पांघरूण. राख जास्त झाली तर कांगडी गुदमरते, कमी पडली तर भराभर जळून दुपारीच हात वर करते. म्हणून कडेला एक चमचा बांधलेला असतो. तासातासानं तिला जरा ढवळायचं, विचारपूस करायची. दुर्लक्ष तिला खपत नाही.

तिचा स्वभाव मला आवडतो तो एका कारणासाठी: खोली ऊबदार करायच्या भानगडीत ती पडतच नाही. भिंती गार राहोत, खिडकीतून वारा येवो, ती फक्त माणूस शेकते, आणि तोही एका वेळी एकच. पायघोळ, ढगळ फेरनच्या आत ती पोटाशी धरलेली असते. म्हणून तर हिवाळ्यात रस्त्यानं चालणाऱ्याची एक बाही रिकामीच लोंबताना दिसते. सरपण जपून वापरावं लागणाऱ्या घरात ही कंजुषी शहाणपणाची. पण पाहुणा आला की यजमान पहिल्यांदा आपल्या फेरनमधून काढून तिला त्याच्या हाती देतो. स्वतःची ऊब अशी उचलून देता येणं खोली तापवणाऱ्या बुखारीला, त्या मोठ्या शेगडीला, कुठून जमणार?

काश्मिरी पंडितांकडे संक्रांतीला पितरांच्या नावानं निखाऱ्यांसकट कांगडी दान करतात. आपल्याकडे तिळगूळ वाटतात त्याच दिवशी. गेलेल्यांनाही थंडी वाजत असेल, हा विचार तिकडच्याच माणसाला सुचावा.

आता तिचे अवगुण. फेरनला भोकं पाडते. झोपेत कलंडली की अंथरूण पेटवते. लाडानं जवळ घ्यावी तर वर्षानुवर्षं तिच्या आचेनं पोटावरची, मांड्यांवरची कातडी जाळीदार काळपट होत जाते, आणि काहींना तिथंच कर्करोग होतो. विल्यम एल्मस्ली या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरनं १८६६ साली त्यावर लिहिलं. ‘कांगडी कॅन्सर’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचं बसलं. शिवाय बंद खोलीत तिचा धूर जिवाशी येतो.

इतकं असूनही तिला घराबाहेर काढायची कुणाची छाती होत नाही. विजेचे हीटर आले, गॅसचे आले, गरम होणाऱ्या गाद्याही आल्या. पण बर्फ जोरात पडला की पहिली जाते ती वीज. मग घरातली सून कोपऱ्यातला कोळशाचा डबा ओढते, आणि कालपर्यंत हीटरचं कौतुक सांगणारे सासरे सगळ्यांच्या आधी हात पुढे करतात.